साथ, संचारबंदी आणि आपली रोजी-रोटी

२४ मार्च २०२० रोजी रात्री ८ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली आणि अवघ्या ४ तासांत ती अंमलात आली. महाराष्ट्रात संचारबंदी एक दिवस आधीच लागू झाली होती. सोलापूर शहरात त्या दिवशी कोरोनाचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. पहिला रुग्ण १२ एप्रिलला आढळला. तरीही नवी पेठेतील कापड दुकानांपासून विजापूर वेशीतील हातगाड्यांपर्यंत आणि यंत्रमागांपासून शिलाईच्या यंत्रांपर्यंत सारे थांबले. घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांची पाने-तंबाखू बंद झाली. ज्यांच्या घरात आठवड्याच्या पगारावर चूल पेटते, त्यांना त्या रात्री कोणी विचारले नाही आणि विचारायला वेळही नव्हता.

त्या गोष्टीला आता काही वर्षे लोटली. बहुतेक दुकाने पुन्हा उघडली, काही कायमची बंद झाली. मग हा विषय आज कशाला, असे कोणी म्हणेल. कारण असे की, ज्या कायद्यांच्या आधाराने आपली शटरे खाली आली ते कायदे मुख्यतः आजही उभे आहेत. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा साथरोग कायदा अपुरा असल्याचे सांगून त्यात मोठी दुरुस्ती करावी किंवा नवा कायदा करावा, अशी शिफारस केली. म्हणजे पुढच्या साथीचे नियम ठरण्याचा काळ हाच आहे. ते ठरवताना डॉक्टर, वकील आणि अधिकारी बोलतील. व्यापारी व कारागीर बोलले नाहीत, तर त्यांचा हिशेब कोणी मांडणार नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: साथीत बंदी लागू शकते. पण तिचे कारण लेखी हवे, तिला मुदत हवी, तिचे माप सर्वांना सारखे हवे आणि जिची रोजी थांबवली त्या घराची सोय त्याच हुकमात हवी.

हुकूम कोणत्या कायद्याचा?

कोरोनाकाळात आपल्यावर तीन कायदे एकाच वेळी चालले. पहिला १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा. महाराष्ट्राने तो मार्च २०२० च्या मध्यास लागू केला. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. देशभरची टाळेबंदी याच कायद्याने झाली. तिसरे फौजदारी कायद्यातील जमावबंदीचे कलम १४४ आणि सरकारी हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा देणारे कलम १८८.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले आणि कलमांचे क्रमांक बदलले. जुने १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आहे व जुने १८८ आता न्याय संहितेचे कलम २२३ आहे. मात्र केवळ क्रमांकच बदलला असे नव्हे. जुन्या कलमात साध्या प्रकारात १ महिना कैद किंवा २०० रुपये दंड होता. नव्यात ६ महिने कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. लोकांच्या जिवाला धोका होईल अशा प्रकारात पूर्वी ६ महिने कैद किंवा १,००० रुपये दंड होता. आता ही मर्यादा १ वर्ष व ५,००० रुपये आहे. दोन्ही प्रकारांत कैद व दंड या दोन्ही शिक्षा एकत्रही होऊ शकतात. पुढच्या वेळी वेळेनंतर अर्धे शटर उघडे ठेवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

परंतु याच कायद्यात आपल्या बाजूच्याही गोष्टी आहेत. हुकूम मोडल्याच्या गुन्ह्याची दखल न्यायालय ज्याचा हुकूम मोडला त्या अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवरूनच घेऊ शकते. जुन्या संहितेत हे कलम १९५ होते, नव्यात २१५ आहे. दुसरे असे की, रस्त्यात लाठी मारणे, उठाबशा काढायला लावणे, भाजीची गाडी उलटवणे या शिक्षा कोणत्याही कलमात लिहिलेल्या नाहीत. शिक्षा न्यायालय देते, शिपाई नव्हे. साथ असली तरी हा नियम बदलत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा धडा

१८९७ चा कायदा कसा जन्मला हे विणकर समाजाने तरी विसरू नये. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हा कायदा झाला. अवघी ४ कलमे आणि सरकारला हवे ते करण्याची मुभा. सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, असे त्यात लिहिले आहे. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. बायकांची अब्रू आणि घरातील सामान दोन्ही धोक्यात आले. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे.

पुस्तकात सहसा नसलेली गोष्ट मुंबईच्या मदनपुऱ्यातील आहे. तेथे हातमाग चालवणाऱ्या मुसलमान विणकरांची दाट वस्ती होती. ९ मार्च १८९८ रोजी प्लेगचे पथक एका आजारी मुलीला घरातून रुग्णालयात न्यायला आले. घरच्यांनी नकार दिला. पडद्यातील मुलीला परके लोक उचलून नेणार, आणि रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही असा सार्वत्रिक समज होता. गर्दी जमली, दगड आले, गोळीबार झाला. दंगल शहरभर पसरली आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली.

त्यानंतर सरकारला उमजले की, नुसत्या बळाने प्लेग आटोक्यात येत नाही. जबरदस्तीची धार कमी झाली. आधीच सुरू झालेल्या एका पद्धतीवर अधिक भर दिला गेला, ती म्हणजे ज्या त्या जमातीने आपले प्लेग रुग्णालय आपल्या देखरेखीत चालवायचे. पुढे लसीचा मार्ग खुला झाला. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. लोकांच्या मनात संशय होता तेव्हा तरुण आगाखान तिसरे यांनी लोकांसमोर ती टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली इमारतही दिली.

या प्रसंगातून दोन्ही पक्षांना शिकता येते. सरकारने शिकावे की, लोकांना विश्वासात न घेता केलेली सक्ती रोग लपवायला शिकवते. आपण शिकावे की, दगडाने काही साधत नाही. आपले रुग्णालय, आपली माणसे आणि आपला शब्द पुढे केला तेव्हाच सक्ती मागे हटली.

सोलापूरची अडचण

आता आपल्या शहराकडे येऊ. १२ मे ते ३० जून १९३० या काळात इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला होता. झेंड्यासारख्या गोष्टीवरूनही लोकांना सजा झाल्या. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली गेली. कोरोनाची बंदी आणि तो मार्शल लॉ एकाच तराजूत घालणे चूक ठरेल. एक परकी सत्ता टिकवण्यासाठी होता, दुसरी माणसे वाचवण्यासाठी होती. परंतु हुकमाच्या कागदावर चालणारे राज्य कसे असते याची आठवण या शहराला आहे, म्हणून येथील माणूस बंदीचे कारण विचारतो. त्यात गैर काही नाही.

प्रशासनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. २०२० च्या उन्हाळ्यात सोलापुरात रुग्णांमागे मृत्यूचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त होते. पूर्व भागातील दाट वस्त्या, एका खोलीत सहा-सात माणसे, त्याच खोलीत विड्यांचे काम, आणि भीतीने उशिरा दवाखान्यात येणारे रुग्ण ही कारणे डॉक्टर मंडळी सांगत होती. राज्यात या साथीने नोंदलेले मृत्यू सुमारे १ लाख ४८ हजार आहेत. आपल्यापैकी कित्येकांनी त्या दिवसांत मोजक्या माणसांत जनाजे उचलले. रोग खोटा होता, असे म्हणणाऱ्याने कब्रस्तानाची नोंदवही पाहावी.

अशा स्थितीत १६ जुलै २०२० च्या मध्यरात्रीपासून २६ जुलैपर्यंत सोलापूर शहर व लगतच्या गावांत कडक संचारबंदी लागली. या काळात तपासण्या वाढवायच्या आणि रुग्ण वेगळे काढायचे, असे कारण दिले गेले. ही बंदी मार्चच्या बंदीहून एका बाबतीत बरी होती. तिला सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरलेले होते आणि ती काही दिवस आधी जाहीर झाली होती. व्यापाऱ्याला माल आवरता आला, मजुराला पीठ-मीठ भरता आले. तक्रार होती ती वेगळीच. तीन महिन्यांच्या टाळेबंदीने थकलेल्या, नुकत्याच सुरू झालेल्या धंद्यावर ती आली आणि बकरी ईद १ ऑगस्टवर होती. शहराच्या बाजाराला जेमतेम पाच दिवस उरले. त्यातच ईदसाठीच्या सरकारी सूचनांत जनावरे फोनवर किंवा ऑनलाइन घ्यावीत आणि कुर्बानी शक्यतो प्रतीकात्मक करावी, असे सांगितले गेले. ज्या बकरी पाळणाऱ्याकडे साधा फोन आहे त्याने ऑनलाइन बाजार कसा मांडायचा, याचे उत्तर त्या कागदात नव्हते.

माप सारखे होते काय?

बंदीचा राग बंदीमुळे कमी आणि पक्षपातामुळे जास्त येतो. दोन रमजान बंदीत गेले. २०२० ची ईद २५ मे रोजी आणि २०२१ ची १४ मे रोजी आली. कापड, चप्पल, अत्तर, बांगड्या, शेवया आणि शिलाई यांचा वर्षाचा निम्मा धंदा ज्या महिन्यात होतो, तो महिना लागोपाठ दोन वर्षे बुडाला. हा माल 'अत्यावश्यक' यादीत नव्हता. मे २०२० च्या सुरुवातीला मात्र राज्यात मद्यविक्रीला सवलत मिळाली. उधारीवर माल भरून बसलेल्या कापडवाल्याला हे कसे पटावे?

एप्रिल २०२१ चे उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातील आहे. ५ एप्रिलपासून राज्यभर बिगर-अत्यावश्यक दुकाने बंद झाली. त्याच पंधरवड्यात पंढरपूर-मंगळवेढा विधानसभा पोटनिवडणुकीचा प्रचार चालू होता, सभा होत होत्या आणि १७ एप्रिलला मतदान झाले. दुकानात पाच गिऱ्हाइके आली तर रोग पसरतो आणि सभेत पाच हजार आले तर पसरत नाही काय, हा प्रश्न तेव्हा सर्वच जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांनी विचारला. त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

पंढरपूरच्या व्यापाऱ्यांचे दुःख आपल्यापेक्षा वेगळे नव्हते. १ जुलै २०२० च्या आषाढीला पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.ने आणल्या गेल्या आणि शहरात संचारबंदी होती. बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे, फोटो-मूर्ती विकणाऱ्यांची वर्षाची कमाई गेली. त्यांचा आषाढी बाजार गेला, आपला ईदचा बाजार गेला. हा हिशेब हिंदू-मुसलमान असा नसून छोट्या दुकानदाराचा आहे, हे दोन्हीकडच्यांनी ओळखले असते तर आवाज अधिक मोठा झाला असता.

मात्र एक भार केवळ आपल्या वाट्याला आला, तोही नमूद केला पाहिजे. दिल्लीच्या मरकज प्रकरणानंतर एप्रिल २०२० मध्ये देशात अनेक ठिकाणी मुसलमान भाजीवाले व फळवाले यांच्याकडून माल घेऊ नका, असा प्रचार झाला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीग प्रकरणातील २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे मत नोंदवले. न्याय मिळाला, परंतु हातगाडीवरचा माल चार महिने थांबत नाही, तो चार दिवसांत सडतो. साथीच्या नियमांत अफवा व बहिष्कार यांवरही तेवढीच कडक कारवाई लिहिलेली असली पाहिजे.

भरपाई: कायद्यात शब्द आहे, हातात काही नाही

१८९७ च्या कायद्याचे कलम २ बारकाईने पाहावे. साथीसाठी केलेल्या उपायांचा खर्च कोणी व कसा सोसावा हे सरकारने ठरवावे, आणि त्या खर्चात नुकसानभरपाई असल्यास तीही धरावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे इंग्रजाच्या कायद्यातही हा शब्द आहे. २००५ च्या कायद्यात तर सरकारने वाहन किंवा जागा ताब्यात घेतली तर मोबदला देण्याचे स्वतंत्र कलम आहे. पण सरकारने तुमची गाडी नेली तर मोबदला आणि तुमचे दुकान बंद केले तर काहीच नाही, अशी ही विचित्र स्थिती आहे.

मदत अजिबात झाली नाही असे नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. त्यात परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम मजूर यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. यातील 'नोंदणीकृत' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही त्याला मदत मिळाली नाही. यंत्रमाग कामगार, शिलाई कारागीर, बेकरीतील मजूर, छोटे दुकानदार यांच्यासाठी त्या यादीत वेगळा रकाना नव्हता.

केंद्राची मदत मुख्यतः कर्जाच्या रूपात आली. ज्याचे बँकेत आधीच कर्ज होते त्याला थकबाकीच्या २० टक्के जादा कर्ज विनातारण मिळाले. फेरीवाल्यांना १०,००० रुपयांचे कर्ज मिळाले. हप्ते ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत पुढे ढकलले गेले, पण व्याज चालूच राहिले. त्या मुदतीत व्याजावर व्याज घेऊ नये, एवढाच दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी दिला. आपल्यातील जे व्याजापासून दूर राहून घरच्या भांडवलावर धंदा करतात, त्यांच्या हाती यातले काहीच लागले नाही. बुडालेल्या धंद्याला कर्ज देणे म्हणजे बुडणाऱ्याच्या हाती दगड देणे होय.

मसलत हीच रीत

साथीत बंधन पाळण्याला दीनचा विरोध नाही. जेथे प्लेग आहे तेथे जाऊ नये आणि तेथून पळूनही जाऊ नये, ही शिकवण सर्वांना ठाऊक आहे. पण हजरत उमर (रजि.) यांच्या शाम देशाच्या सफरीतील प्रसंगाची दुसरी बाजूही पाहावी. वाटेत सर्ग येथे प्लेगची खबर मिळाली तेव्हा त्यांनी एकट्याने निर्णय घेतला नाही. मुहाजिर, अन्सार आणि मग कुरैशचे बुजुर्ग अशा तीन गटांना बोलावून त्यांनी मसलत केली. मते वेगळी पडली. परत फिरण्याचे ठरल्यावर हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी तोंडावर आक्षेप घेतला. खलीफांनी त्यांना गप्प केले नाही, तर उंट चारणाऱ्या माणसाचा दाखला देऊन समजावले. बंधनही आले आणि सवाल विचारण्याची मोकळीकही राहिली. आजच्या प्रशासनाकडून आपण याहून वेगळे काही मागत नाही.

लेखी व वेळेवर मागितले तर मिळते, याचेही उदाहरण आहे. केंद्राने १५ एप्रिल २०२० च्या आदेशात मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना २० एप्रिलपासून सर्व माल विकण्याची मुभा दिली होती, तर गल्लीतील दुकाने बंदच होती. देशभरच्या व्यापारी संघटनांनी हरकत घेतली आणि १९ एप्रिलला ती मुभा मागे घेतली गेली. तसेच बंदी मोडल्याचे कलम १८८ खालील गुन्हे मागे घेण्याचा निर्णय २०२२ मध्ये राज्याचे तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी जाहीर केला. ज्यांच्यावर असे गुन्हे नोंदले गेले होते त्यांनी आपले प्रकरण खरोखर निकालात निघाले की नाही, हे वकिलामार्फत पाहून घ्यावे. पासपोर्ट किंवा परवान्याच्या वेळी जुनी नोंद आडवी येते.

आपण काय करावे?

१) धंद्याची नोंद करा. कारखानदार व दुकानदारांनी उद्यम नोंदणी, फेरीवाल्यांनी महापालिकेचे ओळखपत्र, कारागिरांनी व विडी वळणाऱ्या भगिनींनी ई-श्रम नोंदणी करून घ्यावी. जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी खुली आहे.

२) वही ठेवा. रोजची विक्री, कारागिराला दिलेली मजुरी, भाडे, वीजबिल. नुकसान किती झाले हे कागदावर नसेल तर भरपाई मागता येत नाही.

३) बंदीचा हुकूम निघाला की त्याची प्रत मिळवा. कोणत्या कायद्याने, कोणाच्या सहीने, कोठपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत, या चार गोष्टी पाहा. त्यांतील एखादी नसेल तर लेखी विचारणा करा व पोच घ्या.

४) तक्रार एकट्याने करू नका. पेठेतील सर्व दुकानदारांचे, सर्व समाजांचे मिळून एकच निवेदन जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्तांना द्या. एकाच निवेदनावर नवी पेठ आणि विजापूर वेस यांच्या सह्या असतील तर त्याचे वजन वेगळे पडते.

५) कारागिराला विसरू नका. मालक म्हणून आपण सरकारकडे जी सोय मागतो, त्यातला वाटा आपल्या यंत्रमागावरच्या आणि शिलाईच्या माणसाला मिळाला पाहिजे. बंदीत त्याची मजुरी अर्धी तरी चालू राहावी यासाठी जमातीने आतापासूनच बिनव्याजी निधी उभा करावा.

६) रोग लपवू नका. आपल्या गल्लीतील आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात गेला तर बंदी लांबत नाही.

साथीत जान वाचवणे हे पहिले काम आहे, याबद्दल दुमत नाही. पण रिकाम्या चुलीनेही जान जाते आणि त्या मृत्यूची नोंद साथीच्या आकड्यांत होत नाही. नवा कायदा होईल तेव्हा त्यात बंदीचे कलम असणारच. त्याच कलमाच्या खाली मुदतीचे, मसलतीचे आणि भरपाईचे कलम असावे, एवढी मागणी सोलापूरच्या व्यापारी व कारागिरांनी आपल्या आमदार-खासदारांकडे आजच लेखी नोंदवावी. बाजार चालू असताना केलेला अर्ज वाचला जातो. शटर खाली आल्यावर केलेल्या अर्जाला तारीख मिळते.